वृंदाशी बोलणं थांबलं तेव्हा

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. बुडाला काळा, कानाला वाकडा. मित्रांनो, पोटात काही ठेवणं मला कधी जमलंच नाही, म्हणून हे सांगून टाकतो.

कुमुदच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. नवरा श्रीरंग केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून आम्ही दिल्लीला लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. माझ्यातल्या वरणाची शेजारीपाजारी तारीफ करत. मीही तेव्हा जरा तोऱ्यातच असायचो.

मग वृंदा झाली. कुमुद दिवसभर तिच्याशी बोलायची. ही बघ गवार, ही डाळ, हे तुझं पिटुकलं नाक. पण पोर तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. हाकेला वळेना, नजरेला नजर देईना. डब्यांची झाकणं ओळीनं मांडायची आणि एक हललं की घर डोक्यावर घ्यायची. माझी शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली शिरायची. श्रीरंग म्हणायचा, हट्टी आहे. एकदा त्यानं तिला धपाटाही घातला. शिट्टी माझी, मार तिला. मला फार वाईट वाटलं.

पानिपतहून श्रीरंगची थोरली बहीण हेमलता आली. तिनं एका दमात निदान केलं.

"घरात मराठी, बाहेर हिंदी. पोरगी कन्फ्यूज झालीये, कुमुद. मराठी बिल्कुल बंद कर."

दिल्लीतल्या आपल्या लोकांना ही भीती असतेच. कुमुदनं ऐकलं. पण तिची हिंदी भाजीवाल्यापुरती. लाडाची हिंदी तिला कुठून येणार? 'खाना खाओ, सो जाओ' म्हणून झालं की ती गप्प बसायची. अशी दोन वर्षं गेली.

शाळेनं प्रवेश नाकारला, तेव्हा कुठे दोघं तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तीनदा बोलावून वृंदाचं खेळणं पाहिलं, लहानपणापासूनचं सगळं विचारलं आणि सांगितलं, हा ऑटिझम आहे. घरी आल्यावर श्रीरंग ओट्यापाशी उभा राहून त्यांचं बोलणं आठवून आठवून बोलून दाखवत होता. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. आईच्या वागण्यानं हे होत नाही, दोन भाषांनीही नाही. औषधानं जात नाही, पण बोलण्याखेळण्याची शिकवणी लवकर सुरू केली तर मूल पुष्कळ शिकतं. आवाजाचा तिला खरोखर त्रास होतो. आणि घरात मराठीच बोला.

कुमुदनं एवढंच विचारलं, "मग मी गप्प राहिले, ती दोन वर्षं?"



दुसऱ्या दिवसापासून भात पातेल्यात शिजू लागला आणि मी माळ्यावर गेलो. धूळ बसली, रबर चिरलं. चालायचंच.

माळ्यावरून मला खालचं दिसतं. कुमुद पुन्हा मराठीत बोलू लागली होती, पण मध्येच थांबायची. एका दुपारी ती अशीच बोलता बोलता थांबली. वृंदा भिंतीकडे पाहत होती. तशीच पाहत राहून तिनं हात लांब केला आणि आईच्या ओठांवर बोटं ठेवून ते हलवले.

"बोलते गं, बोलते," कुमुद म्हणाली आणि ढसाढसा रडली.

मित्रांनो, असं मूल तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. मोठ्यांना सांगा, त्याला वेळेवर डॉक्टरांना दाखवा. आणि त्याच्याशी बोला. उत्तर आलं नाही तरी बोला. वृंदा दोन वर्षं ऐकायला बसली होती, आणि आमच्या घरात कुणालाही ते कळलं नाही.