त्याच सालचं रबर

काकांच्या जुन्या मोटारीच्या वायपरचं रबर झिजून काचेवर नुसतं करकरत होतं. पण गाडी ज्या सालची, रबरही त्याच सालचं हवं, हा काकांचा हट्ट. दोन वर्षं दुकानं पालथी घालून त्यांनी एक कोरी जोडी मिळवली आणि स्वतःच्या हातांनी बसवली.

काकूंना घेऊन जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला निघाले, तर वाटेत पावसानं गाठलं. काकांनी तडक गाडी थांबवली, वायपर काढले आणि तान्ह्या बाळासारखे मांडीवर घेतले.

"अहो, हे काय?" काकू ओरडल्या.

"झिजतील ना! तू हात बाहेर काढून रुमालानं काच पूस. पण हळू, काचही त्याच सालची आहे."

"मीसुद्धा त्याच सालची आहे," काकू म्हणाल्या, आणि काकांच्या हातात रुमाल कोंबून स्वतः स्टिअरिंगवर बसल्या.