मादाम पितेंच्या खिडकीवरचं युद्ध

जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या कचेरीत मी कागद वाटायचो. देशांनी आपसात भांडू नये असं छापलेले कागद दिवसभर वाटायचे आणि संध्याकाळी मी राहायचो त्या मादाम पितेंच्या खाणावळीत येऊन भांडण ऐकायचं, असा माझा दिनक्रम.

भांडण दोघा भाडेकरूंचं, जेवणघराच्या खिडकीवरून. गारिगू फ्रेंच. युद्धातल्या विषारी वायूने छाती गेलेली, त्यांना खिडकी बंद हवी. प्राउझ इंग्रज. खंदकात गाडले गेले होते, बंद खोलीत त्यांना घास उतरत नसे. युद्धात दोघे एकाच बाजूने लढलेले. आता दोघेही निःशस्त्रीकरण विभागात, समोरासमोर.

त्या डिसेंबरात सरोवरावरून बोचरा वारा सुटला आणि गारिगूंनी सुपाची पळी उगारली.

"पुरे!" मादाम ओरडल्या. "पुन्हा हात उगारलात तर घराला कुलूप लावून बहिणीकडे वेव्हेला जाईन. थिओफिल," त्या माझ्याकडे वळल्या, "तूही ट्रंक भरून ठेव."

मादामसारख्या नाशपातीच्या करंज्या तळणारं दुसरं घर गावात नव्हतं.

"संघाच्या करारासारखं करू," मी म्हणालो. "आधी लवाद. निकाल नाही पटला, तरी तीन महिने युद्ध नाही. चौदा साली कुणी थांबलं नाही, म्हणून तर हे कलम घातलंय."

"कलम मला नको शिकवूस, पोरा," प्राउझ म्हणाले. "पण चालेल."

मादामनी निकाल दिला: खिडकी अर्धी. दोघांनी तो एकमताने फेटाळला. संघात इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.

मग वाट पाहणं आलं. तोवर खिडकी अर्धीच. आम्ही ओव्हरकोट घालून जेवायचो. जानेवारीत गारिगूंचा खोकला वाढला, तसे प्राउझ उठून खिडकीला पाठ लावून बसले.

"भिंत म्हणून बसलोय. मित्र म्हणून नाही."

"भिंती बोलत नसतात," गारिगू म्हणाले, आणि आपला मफलर भिंतीला गुंडाळला.

मुदत संपली त्या सकाळी चेस्टनटला पहिलं पान फुटल्याचं, म्हणजे वसंत आल्याचं, नगरसभेने जाहीर केलं. रात्रीचं जेवण मांडलं, तर पळी जागेवर नाही. गारिगू आले, कोट काढला, खिडकीपाशी गेले आणि ती सताड उघडली.

"उकडतंय."

प्राउझचा चेहरा पडला. "म्हणजे युद्ध नाही?"

"कशावरून करणार?"

"तुम्ही माघार घेताय!"

"माघार थंडीने घेतली, मी नाही. डिसेंबरात बघून घेतो तुम्हाला."

"बघाच!" प्राउझ खुशीत म्हणाले आणि सवयीने भिंतीच्या जागी बसले.

मादाम बोटांवर महिने मोजत होत्या. "डिसेंबरात भांडण, मग लवाद, मग तीन महिने..." त्या हसल्या. "भांडा बापड्यांनो, खुशाल भांडा."

पळी त्यांनी डिसेंबरापासून भरून ठेवलेल्या माझ्या ट्रंकेत, पार तळाशी लपवली होती. सूप वाढायचं तर सगळे कपडे बाहेर काढणं आलं. काढलेच होते, तर कपाटात लावून टाकले.