डिपॉझिट कुणाचं

गणपतराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी राजारामपुरीतल्या घरावर दोन खोल्या चढवल्या. तिथं वरद आणि इरावती हे जोडपं भाड्यानं राहायचं. भाडं सहा हजार, डिपॉझिट तीस हजार.

दोन महिने भाडं आलं नाही. बारा हजार डिपॉझिटमधून वळते करायचे, अठरा परत द्यायचे आणि खोल्या रिकाम्या करायला सांगायचं, असं ठरवून गणपतराव जिना चढले. वर इरावती एकटीच होती.

"वरद कुठं हाय? दोन महिन्यांचं भाडं थकलंय."

"पुण्याला गेलेत. परत येणार नाही म्हणाले." मग ती चमकली. "भाडं थकलंय? मी तर दर महिन्याला त्यांच्याकडं पैसे देत होते, काका!"

गणपतरावांनी तिथूनच वरदला फोन लावला.

"बारा कापून घ्या काका, उरलेले माझ्या खात्यावर टाका. करार माझ्या नावानं हाय."

"डिपॉझिट माझ्या बांगड्या मोडून भरलंय," इरावती म्हणाली.

आता अठरा हजार द्यायचे कुणाला? त्यांनी खाली येऊन बायकोला विचारलं, "डिपॉझिटचे पैसे त्या दिवशी कुणी दिलते गं?"

लीलाबाईंनी आठवून बघितलं. "पिशवी तिच्या मांडीवर होती. पण मोजून त्यानं दिलं."

गणपतराव आणखीच गोंधळले. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा वर गेले.

"पोरी, पैसे मी कुणालाच देत न्हाय. अठरा हजारात तीन महिने बसतात. तेवढं तू हितंच ऱ्हा."

"आणि नंतर मला काय मिळणार?"

"काय न्हाय."

आपलं भलं झालं की नुकसान, हे तिला कळेना. ती नुसती मान हलवून दारात उभी राहिली.

वरद फोनवर ओरडला, "हे बरोबर न्हाय काका!"

"बरोबर काय, ते मलाबी कळंना झालंय," म्हणत गणपतरावांनी फोन ठेवला.

चौथ्या महिन्याच्या एक तारखेला इरावती खाली आली. सहा हजार पुढं करून म्हणाली, "पावती माझ्या नावानं करा."

त्यांनी पावती लिहून दिली. ती वर गेल्यावर लीलाबाईंनी विचारलं, "आणि नवीन डिपॉझिट?"

गणपतराव बराच वेळ पावतीपुस्तक हातात धरून बसले. मागावं की मागू नये, त्यांना काही केल्या ठरवता येईना.