गालावर गेलेले थेंब

एक थेंब डोळ्यांसमोर आणा, मुलांनो — बाटलीच्या टोकाला लोंबणारा, पडू की नको अशा विचारात असलेला. खाली आजोबांचा डोळा. नात म्हणतेय, "मिटू नका हं!" आणि नेमका तेव्हाच तो मिटतो... थेंब पापणीवरून गालावर. "झालं, झालं! कर खूण, मास्तरीणबाई," आजोबा म्हणायचे, आणि ती थेंब घातल्याच्या तक्त्यावर खूण करायची.

आत्ता डॉक्टरबाईंच्या खोलीत तिला तेच आठवत होतं. पडद्यावर आजोबांच्या डोळ्याची दोन चित्रं होती, यंत्राने डोळ्याला न शिवता काढलेली — फळ मधोमध कापल्यावर आतलं दिसावं तशी. काचबिंदूमुळे डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट बुजली होती, म्हणून बाईंनी शस्त्रक्रियेत नवी वाट केली होती, आणि वरच्या पापणीआड पाणी जिरायला इवलीशी पिशवी. मागच्या महिन्यात ती ऐसपैस, काळीभोर दिसत होती. आज तिच्या भिंती पांढऱ्या, जाड, आणि वाट दोऱ्याएवढी.

"माझाच डोळा, पण ओळख दाखवत नाही," आजोबा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "जखम भरून येतेय, आणि इथे ती भरायला नको असते. म्हणून तर ते थेंब. नियमित घातलेत ना?"

"एक चुकला नाही. दाखव गं तक्ता."

बाईंनी तक्ता पाहिला. "अगदी चोख. म्हणजे थेंबांनी भागत नाहीये. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल."

पुन्हा... ती पट्टी, ते भिंत चाचपत चालणं. पण आपण खोटं कुठे लिहिलं? गालावर पडला तोही पडलाच की — नाही, तिला तेव्हाही माहीत होतं, आणि आजोबांनाही. दोघांनाही लवकर मोकळं व्हायचं असायचं. आणि आता सांगितलं तर आजोबा बाईंसमोर खोटे पडणार... त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता, नेहमीसारखा जड.

"काही गालावर गेले," ती म्हणाली.

हात निघाला.

"किती?" बाईंनी विचारलं.

तिने खुणांवरून नजर फिरवली. सगळ्या सारख्याच, नीटनेटक्या.

"माहीत नाही. बरेच."

ती आजोबांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. खांदा हलका लागत होता, जरा गारही. पण मान वळवून त्यांच्याकडे बघायचा धीर तिला अजून होत नव्हता.