नऊ गाण्यांमधलं पुसलेलं बोलणं

मी एक अल्बम आहे. नऊ गाण्यांचा, एकेचाळीस मिनिटांचा. माझी गायिका गेल्यानंतर सात महिन्यांनी मी जन्मलो, त्यामुळे लोक मला हातात घेतात तेव्हा आधी हळहळतात आणि मग कोणती गाणी आहेत ते बघतात. माझ्यावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा आहे. शेवटच्या वर्षातला एकही फोटो रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला बरा वाटला नाही.

त्याच वर्षी बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही.

"आवाज गेला तर गेला, आई! तू तर राहशील," लेक म्हणाली.

"आवाज गेल्यावर उरलेली मी तुला कशाला हवी?"

दोघींच्याही जिभेला हाड नव्हतं. लेक दार आपटून गेली. त्यानंतर पाच महिने ना हिने फोन केला, ना तिने. पाच महिन्यांनी गाठीनेच निकाल लावला.

माझे तुकडे त्या पाच महिन्यांत तयार झाले. बाई रोज दुपारी स्टुडिओत यायच्या. काचेपलीकडे त्यांचा जुना ध्वनिमुद्रक बसलेला असे. गाण्याचे तुकडे तो इतक्या सफाईने जोडायचा की बाईंनी त्याचं नावच कात्री ठेवलं होतं. त्यांचा त्याला एक सक्त हुकूम होता: गाणं पक्कं झालं की कच्चं ध्वनिमुद्रण त्याच दिवशी पुसायचं. "माझं खोकणं-खाकरणं लोकांनी ऐकायचं नाही, कात्री. घरात मी कशी का असेना." बावीस वर्षं त्याने हा हुकूम डोळे मिटून पाळला होता.

या वेळी मात्र पक्कं काही झालंच नाही. दोन ओळी गायल्या की बाईंना धाप लागायची. मग त्या पाणी प्यायच्या आणि माइकसमोरच बोलत बसायच्या. सगळ्यात शेवटी घेतलेल्या सातव्या गाण्याचं दुसरं कडवं संपलं तेव्हा कात्री त्यांच्यासाठी कोमट पाणी आणायला गेला होता. त्याची खुर्ची रिकामी आहे हे बाईंना चष्म्याशिवाय दिसलं नाही.

"पोरीचं बरोबर होतं रे," त्या म्हणाल्या. "मीच हट्टाला पेटले. एवढं गाणं होऊ दे, मग मीच जाते तिच्याकडे. नाक घासत जाते." मग हसल्या, आणि हसता हसता खोकल्या. यंत्र चालूच होतं. ते सगळं माझ्यात जसंच्या तसं उतरलं.

ते गाणं पुरं झालं नाही.

बाई गेल्यावर कंपनीचा कागद आला. लेक सही करायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "काका, आईचं जे काही आहे, ते सगळं मला हवंय," ती म्हणाली.

"एक सूरही वाया जाऊ देणार नाही, बाळ," कात्री म्हणाला. त्याला वाटलं, ती गाण्यांबद्दलच बोलतेय.

मग तो तीन आठवडे माझ्यावर राबला. माणूस मनापासून काम करतो तेव्हा त्याला अडवणारं कुणी नसतं. जिथे कडवं अपुरं होतं तिथे त्याने आधीचं कडवं पुन्हा लावलं, श्वास काढले, खोकला काढला. बोलणं कुठे सुरू होतं हे त्याला पडद्यावरच्या रेषेवरून कळायचं. काम संपलं त्या संध्याकाळी त्याने हुकमाप्रमाणे कच्चं पुसून टाकलं, आणि यंत्राला हात जोडून घरी गेला.

मी तयार झालो तेव्हा लेकीने मला स्टुडिओतच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग कानावरचे हेडफोन काढले.

"मधलं कुठंय, काका?"

"मधलं म्हणजे?"

"आई मध्ये मध्ये बोलायची ना. माझ्याबद्दल काहीतरी बोलली असेल. शिव्या दिल्या असतील तरी चालेल."

"पुसलं, बाळ," कात्री म्हणाला. "तिचाच हुकूम होता."

"पण तुम्ही ऐकलं असेल ना? काय म्हणाली?"

"नाही गं. तिचं बोलणं ऐकवत नव्हतं. मी न ऐकताच कापत गेलो."

तिने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. मला पर्समध्ये टाकलं आणि निघाली. त्यानंतर कात्रीने कुणाच्याच कामाला हात लावलेला नाही.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरात कुणाचा आवाज साठवलेला असेल तर तो साफ करायला जाऊ नका. खोकला असेल तर असू द्या.

लेक मला अजून रोज लावते. गाणी ऐकत नाही. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत चार सेकंद जातात, तेवढ्यात ती आवाज पूर्ण मोठा करते आणि स्पीकरला कान लावते. पोरी, तिथे काही नाही गं. जे होतं ते सातव्या गाण्यात होतं, दुसऱ्या कडव्यानंतर. तिथे आता पहिलंच कडवं पुन्हा लागतं, आणि शेवटपर्यंत आवाज किती स्वच्छ होता म्हणून लोक माना डोलावतात.