न दिलेली शिक्षा

नोएमी ग्रिनफेल्डने दार उघडलं आणि समोर डॉक्टर अतिलिओ फेरारेस उभा. मनोविश्लेषणासाठी वेळ मागताना फोनवर त्याने नुसतं पहिलं नाव सांगितलं होतं. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं, पण खांदे पाडून उभं राहायची ढब तीच.

तेरा वर्षांपूर्वी याच माणसाने प्रसूतिगृहाच्या बोळात येऊन सांगितलं होतं, "मुलगी सुखरूप आहे. बाईंना वाचवता आलं नाही." बाई म्हणजे पेर्ला, नोएमीची धाकटी बहीण. सांगताना त्याच्या तोंडाला वाइनचा भपकारा येत होता. रविवार होता, कुठल्यातरी अंगणात मांस भाजण्याची पंगत सोडून तो आला होता. पेर्लाचा नवरा रूबेन भिंतीला डोकं टेकून रडत होता, त्याला काही कळलं नाही. नोएमीला कळलं. पुढे वकील म्हणाला, "बाई, वास कोर्टात दाखवता येत नाही." नर्सेसनी तोंडाला कुलूप घातलं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की असं होतं कधीकधी.

आता नोएमीचे केस पांढरे होते आणि दारावरच्या पाटीवर नवऱ्याचं आडनाव होतं. याने आपल्याला ओळखलेलं नाही, असं ती धरून चालली. खरं तर त्याला दारातूनच परत पाठवायला हवं होतं. आपल्या ओळखीच्या, त्यातून वैरी असलेल्या माणसाचं मनोविश्लेषण करायचं नसतं, हे नव्याने शिकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

"आत या," ती म्हणाली.

फेरारेस कोचावर आडवा झाला. नोएमी त्याच्या डोक्यामागे खुर्चीत बसली. हात थरथरतात, ही त्याची तक्रार. शस्त्रक्रिया करणं कधीच सुटलं होतं. "काही चांगलं व्हायला लागलं की मी ते मोडतो हो," तो म्हणाला. "बायको चांगली होती, तिला पळवून लावली. गाडी घेतली, ती झाडावर घातली. परवा टोमॅटो चिरताना अंगठा कापून घेतला. बघणाऱ्याला वाटेल, मी स्वतःवरच डूख धरलाय."

"कशाबद्दल?"

"तेच शोधायला आलोय."

नोएमीने मनात म्हटलं, शोध. मी आहेच बसलेली.

त्यानंतर ती दर भेटीत त्याला डिवचायला लागली. वरवर पाहता सगळं रीतीला धरून होतं. "रविवार म्हटल्यावर तुम्ही थांबलात. का?" "वाइन सोडली म्हणता. कोणी सोडायला लावली?" "झोपलेली बाई दिसते स्वप्नात. झोपलेली, की दुसरं काही?" नेमक्या जागी बोट जायचं आणि कोचावरचा माणूस कळवळायचा. तो पांढराफटक होऊन बाहेर पडला की नोएमी माते नावाचा कडू चहा करून घ्यायची आणि तो तिला कधी नव्हे इतका गोड लागायचा.

क्लोतिल्दे ही तिची जुनी गुरू. ऐंशीच्या घरातली, बहिरेपणाकडे झुकलेली, पण न बोललेलं तिला बरोबर ऐकू यायचं. अवघड पेशंटविषयी नोएमी तिच्याशीच बोलायची. हा कोण, ते तिने सांगितल्यावर म्हातारीने चष्मा काढून पुसला.

"तू त्याचं ऐकत नाहीयेस, नोएमी. पाखरू टिपायला झाडाखाली मांजर बसतं तशी बसलीयेस."

"बसलेय. आणि उठणार नाही. क्लोतिल्दे, मला उपदेश नका करू."

वसंत संपता संपता फेरारेसने तोंड उघडलं. त्या रविवारी तो पिऊन आला होता. मूल झालं, सगळं ठीक दिसलं, म्हणून तो शेजारच्या खोलीत पाच मिनिटं टेकायला गेला आणि त्याला गाढ झोप लागली. नर्स दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा तिने खांदा धरून हलवलं, तोवर रक्त गादीतून खाली टपकत होतं.

नोएमीने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. याच घटकेची तर ती वाट पाहत होती.

"तुम्ही त्या दिवशी हिरवा कोट घातला होता," फेरारेस छताकडे बघत म्हणाला.

नोएमी खुर्चीतून अर्धवट उठली.

"पहिल्यापासून ठाऊक होतं मला. या शहरात दर कोपऱ्यावर मनोविश्लेषक आहे, पण ते सगळे मला समजून घेतील. मला समजून घेणारं माणूस नको होतं, डॉक्टर." त्याने उजवा हात वर धरला. बोटं अगदी स्थिर होती. "बघा. तुम्ही टोचून बोलता ना, त्या रात्री मला झोप लागते."

नोएमीला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढे महिने आपण सूड उगवतोय असं तिला वाटत होतं, आणि हा हरामखोर तिच्याकडून औषध नेत होता! चाबूक त्याने स्वतःच आणून तिच्या हातात दिला होता.

तिने रात्रभर विचार केला आणि पुढच्या भेटीपासून सूर बदलला.

"तुम्ही दमलेले असणार," ती मायेने म्हणाली. "डॉक्टरसुद्धा माणूसच असतो."

फेरारेसने मान वळवून मागे पाहिलं. "असं नका बोलू."

"किती वर्षं स्वतःला छळणार? झालं ते झालं."

प्रत्येक शब्द जिभेवर निखाऱ्यासारखा वाटत होता, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आठवड्यामागून आठवडे तिने त्याला साखरेत घोळवलं. तो विनवायचा, "शिव्या द्या मला. हाकलून द्या." ती म्हणायची, "छे हो, कशाला?" त्याचे हात पुन्हा थरथरायला लागले. जाताना कोटाची बटणं लागेनात. ती लावून द्यायलासुद्धा नोएमी पुढे झाली.

हे ऐकून क्लोतिल्दे चिडली. "त्याच्या आत एक न्यायाधीश बसलाय, तो त्याला झोडपतोय. तुझ्या आतही बसलाय एक. तुझा तुला काय म्हणतो?"

"म्हणतो, छान चाललंय."

"खोटं. तो काही म्हणूच नये म्हणून तू दिवसरात्र या माणसाला धरून बसलीयेस. पेर्लाबद्दल माझ्याशी शेवटचं कधी बोललीस गं?"

"हे सगळं तिच्यासाठीच चाललंय!"

"तिचं नाव मी काढलं आत्ता. तू नाहीस काढलंस."

नोएमी पर्स उचलून तडक निघून गेली.

फेब्रुवारीत, तिथल्या भर उन्हाळ्यात, शहरातले सगळे मनोविश्लेषक सुट्टीवर जातात, तशी तीही समुद्रावर गेली. मार्चमध्ये फेरारेस आलाच नाही. त्याच्या वेळेला ती खुर्चीत बसून राहिली, आणि त्याच्याविना आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची किळस आली.

मग रूबेनचा फोन आला. "दुकानात ये. तो डॉक्टर येऊन गेला."

रूबेनचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं. शाळेनंतर तामारा, पेर्लाची मुलगी, तिथेच बसायची. नोएमी पोचली तेव्हा बापलेक गल्ल्यापाशी बसले होते.

"भरदुपारी आला," रूबेन म्हणाला. "गिऱ्हाइकांसमोर सगळं सांगितलं. दारू, झोप, सगळं. तू काय म्हणत होतीस ते तेव्हाच ऐकायला हवं होतं मी. कापड मोजायचा गज उचलला होता मी, नोएमी. डोकंच फोडणार होतो. तोही वाट बघत उभा होता. हलला नाही जागचा."

"मग?"

"हिने हात धरला माझा."

तामारा नखाशी चाळा करत म्हणाली, "मला त्याला एक विचारायचं होतं, मावशी. आई काही बोलली होती का ते."

नोएमीने गल्ल्याची कड धरली.

"तो रडायला लागला. म्हणाला, माझा जन्म झाल्या झाल्या आईने विचारलं, हिला केस आहेत का? तो म्हणाला, आहेत की, काळेभोर, भरपूर. तर आई हसली म्हणे. म्हणाली, माझ्या बहिणीला आधी दाखवा, ती टकलू टकलू म्हणून चिडवत होती." तामाराने वर पाहिलं. "तू खरंच म्हणायचीस?"

"म्हणायचे," नोएमी म्हणाली. "तिच्या पोटावर हात ठेवून म्हणायचे. ती मला उशी फेकून मारायची."

एवढे महिने तो माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर आडवा होता. पेर्लाचं शेवटचं बोलणं त्याच्यापाशी होतं. तिने त्याला हजार प्रश्न विचारले आणि एवढा एक विचारायचा तिला सुचला नाही.

रूबेनने तक्रार केली. फेरारेसने सगळं कबूल केलं आणि त्याचा परवाना गेला. सुनावणीला नोएमी पहिल्या रांगेत बसली होती. निकाल ऐकताना त्याचे हात मांडीवर शांत पडले होते, चेहरा झोप झालेल्या माणसासारखा ताजा होता. बाहेर पडताना तो तिच्यापाशी थांबला.

"डॉक्टर, आता तरी काही बोला."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. राग होता तसाच होता, तसूभर कमी झालेला नव्हता. त्यात आता एक नवीन भर पडली होती: पेर्लाचं ते हसणं तिला या माणसाच्या हातून मिळालं होतं, आणि त्याबद्दल ती त्याला जन्मात माफ करणार नव्हती.

"आपली वेळ संपली," प्रत्येक भेटीच्या शेवटी म्हणायची तशी ती म्हणाली आणि तामाराचा हात धरून जिना उतरू लागली.