उजवीकडचा खिसा

ए, तू पिक्चरचा शौकीन ना? मग तो मोबाइल ठेव बाजूला आणि इकडे कान दे. एका मावशीची गोष्ट सांगतो. अशी सांगतो की पुढच्या वेळी हिरोचं तोंड सोडून शर्टच बघत बसशील.

ही मावशी पिक्चरचे कपडे शिवायची. तीस वर्षं. कपडे फाडायचे, जाळायचे, रक्त लावायचं, आणि महिन्याभराने अगदी तस्सेच परत हिरोच्या अंगावर चढवायचे, हे सगळं तिच्याकडे. कारण तिथलं काम उलटसुलट. शेवट आधी काढतात, सुरुवात मग. कुठली बाही कुठे फाटली होती ते हिच्याच ध्यानात.

तर पिक्चर प्रेमाचा आणि मारामारीचा. बाजारात हिरोला गोळी लागते. हिरॉइन आपला हिरवा रुमाल त्याच्या डाव्या दंडाला बांधते. मग हिरो जळत्या पुलावरून धावत तिच्याकडे येतो. पूल लाकडाचा, मुद्दाम बांधलेला. एकदाच पेटवला. राख झाली, विषय संपला.

सगळे तुकडे जोडून झाले, डायरेक्टर साहेबांनी बघितलं आणि बोंब ठोकली. बाजारात रुमाल डाव्या दंडाला, पुलावर उजव्या!

"पुलावर रुमाल कुणी बांधला होता?"

"मीच," मावशी म्हणाली. "पण डावीकडेच बांधला होता साहेब."

"मग काय, रुमाल चालत गेला? मावशी, नजर गेली तुमची. उद्यापासून घरी आराम करा."

चारचौघात बोलले. आता नजर गेलेल्या बाईच्या हातात सुई कोण देणार, सांग बरं?

घरी नवरा भांडी घासत होता. जन्मभर बस चालवून रिटायर झालेला माणूस. मावशी दारातच बसली. "अहो, मला खरंच कमी दिसतं का हो?"

त्याने हात पुसले. सुई आणि काळा दोरा आणून तिच्यापुढे ठेवला. "ओव."

पहिल्या झटक्यात ओवला.

"आता चष्मा काढून ओव."

तोही गेला.

"झालं तर मग! अगं, माझ्या कॉलरवरचा एक केस तुला दारातून दिसायचा, किती छळलंस मला. चूक तुझी नाही. उद्या जा आणि परत बघून ये."

सकाळी मावशी थेट जोडकामाच्या खोलीत. साहेब होते आणि एडिटर होता, त्याला सगळे टकलू म्हणायचे. "एकदा दाखवा," मावशी म्हणाली. "मग माझी मी जाते."

पडद्यावर पूल पेटला, हिरो धावला. "थांबव रे!" मावशी पुढे गेली, नाक पडद्याला लागायचं बाकी. आणि कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली.

"साहेब, हा शर्ट कुणी शिवला?"

"तुम्हीच!"

"मग खिसा उजवीकडे कसा? तीस वर्षांत एका पुरुषाला मी उजवीकडे खिसा लावलेला नाही. आणि बटणं बघा, बायकांसारखी उलटी. रुमाल नाही हो चालत गेला, अख्खा हिरोच उलटा झालाय! आरशातला माणूस दाखवताय तुम्ही."

साहेबांनी टकलूकडे बघितलं. टकलूने डोकं चोळलं. "साहेब, ते... दोघांचे तुकडे वेगवेगळे काढलेले. जोडल्यावर हिरॉइन इकडे बघत उभी आणि हा तिकडे पळत होता. असं वाटायचं की तिला टाकून पळतोय. म्हणून मी त्याचं चित्र आरशासारखं उलटं फिरवलं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही ओरडता."

साहेब मटकन बसले. असंच ठेवलं तर रुमाल चुकतो. सरळ केलं तर हिरो पोरीला सोडून धूम. आणि पूल तर राख.

मावशीची इज्जत परत आली होती. ताठ मानेने घरी जाता आलं असतं. पण अर्धवट शिवण सोडून उठणारी बाई नव्हे ती.

"अहो, त्याला कशाला फिरवता? तिला फिरवा की!"

"हिरॉइनला?"

"तिचा झगा मी शिवलाय. खिसा नाही, बटण नाही, दोन्हीकडून सारखा. भांग मधोमध. डूल एकसारखे. मागे नुसता धूर. पोरगी जागची हलत नाही, उभ्या उभ्या वाट बघतेय. कुणाला काय कळतंय?"

टकलूने हिरोला सरळ केलं, हिरॉइनला फिरवलं. आणि काय सांगू तुला! हिरो सुटला, रुमाल डाव्या दंडाला, खिसा डाव्या छातीवर, थेट तिच्या दिशेने. टकलूने शिट्टी मारली. साहेब उठून उभे राहिले.

"मावशी, चुकलो. नजर माझीच गेली होती." स्वतःची खुर्ची ओढून दिली. "बसा इथे. सगळा पिक्चर बघा, अजून काय काय आहे ते सांगा."

मावशी ऐटीत बसली. जेवायच्या सुट्टीपर्यंत सतरा चुका काढल्या. शेवटची अशी, "सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून अकरा माणसं मारलीत साहेब. ते काही मला शिवून देता येणार नाही."

पिक्चर लागलाय आता. बघून ये. आणि शेवटी नावं सरकायला लागली की उठून पळू नकोस. अगदी खाली एक ओळ येते, तीत एकच शब्द, 'नजर', आणि पुढे मावशीचं नाव. ते दिसलं की टाळी वाजव. जरा जोरात वाजव बाबा, मागच्या रांगेत तिचा नवरा रोज येऊन बसतो.